लाल चिंध्यांची वाट

रविवार, ९ नोव्हेंबर
दगडवाडी, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं

कल्याणदादा,

हे पत्र मी पोळ्यापासून लिहून राह्यले. दर वेळी ‘कल्याणदादा’ एवढं लिहून होतं, मंग कुणीतरी हाक मारतं, न्हाईतर शेळी सुटते, न्हाईतर मला आठवतं की मला तुझा राग आलेला आहे, अन् कागद तसाच उशीखाली जातो. आज काम अडलंय म्हणून लिहिते. माया आली म्हणून लिहिते असं समजू नको.

तू नंबर बदलला. जुन्या व्हॉट्सॲपवर तुझ्या फोटोच्या जागी नुसतं राखाडी डोकं दिसतं. दुकानाचा पत्ता भारतनं दिला. आपला भारत, शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो. आता पिकअप चालवतो, भोकरदनहून संभाजीनगरला भाजी नेतो. त्यानं तुला सायकलींच्या दुकानात पाहिलं. म्हणला, “कल्याणनं मला वळखलं, पण वळखलं असं दाखवलं न्हाई.” तुझा हा स्वभाव आबांकडून आलाय. त्यांना सांगितलं तर तेही वळख दाखवणार न्हाईत.

तर काम असं. तुझं जुनं सिम आईच्या फोनात आहे. परवा मी भांडी घासत होते अन् फोन वाजला.

“कल्याण सर आहेत का?”

मी आधी मागं वळून पाहिलं, की आपल्या घरात सर कोण. मंग म्हणाले, “मी त्यांची बहीण. बोला.”

कुणी मच्छिंद्र सर आहेत, संभाजीनगरचे. त्यांचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. तू कधीकाळी तळ्याची अन् जंगलाची वाट मोबाईलच्या ॲपवर टाकून ठेवली होती ना, ती त्यांना सापडली. फार मस्त वाट आहे म्हणे. तीस तारखेला रविवारी येतो म्हणाले. “कल्याण सर पुढं राहतील ना?”

मी म्हणाले, “राहतील.”

का म्हणाले ते विचारू नको. हात साबणाचे होते, फोन घसरून राह्यला होता, तोंडातून निघून गेलं.

आता तुला यावंच लागतंय. ॲपवरची वाट तुझ्या वेळची आहे. तळ्याच्या भिंतीवरून पाण्याच्या कडेनं साती आसरांच्या दगडांपर्यंत ती बराबर आहे. पण तिथून वर जंगलात शिरलं की वन खात्यानं चर खोदलेत, गेल्या पावसात ओढ्याची एक नाळ खचली, अन् गुरांनी सालईच्या झाडाकडून वेगळीच पायवाट पाडली. पुढं जाणकार माणूस नसला तर ते लोक अजिंठ्यात निघतील. अन् मी कशी पुढं राहणार? माझ्याकडं कुठंय सायकल? काल तिसऱ्या उताराला मागचा ब्रेक लागेना तर पार घोटणीच्या काटेरी जाळीत गेले असते. म्हणजे सायकल असती तर.

आबा तुझं नाव घेत न्हाईत. आई घेते, पण आबा जेवायला बसले की न्हाई. त्या दिवशी दारात मळणीयंत्र, सोयाबीनची सुडी उघडी, अन् तू शहरातल्या पाहुण्यांना घेऊन डोंगरात सायकली उडवत होता. पाऊस आला, सुडी भिजली, आबांनी तुझी सायकल उचलली अन् विहिरीत टाकली. तू संध्याकाळच्या गाडीनं गेला. तुझंही चुकलं, त्यांचंही चुकलं, अन् तेव्हापासून घरात बोलायचं काम मला अन् आईला. माझं तर तोंड दुखून राह्यलं.

रविवारी, तीस तारखेला, सकाळी. घरी यायचं नसंल तर तळ्यावर तरी ये.

नंदी

*

सोमवार, १७ नोव्हेंबर

दादा,

उत्तर न्हाई. बरं. मला वाटलंच होतं. तरी रोज पोस्टमन येईपर्यंत मी अंगणातच काहीतरी झाडत बसते. अंगण इतकं साफ झालंय की आईनं विचारलं, “तुला ताप बीप आलाय का?”

पहिल्या पत्रात एक खोटं होतं. सायकल आहे. तुझीच आहे.

औंदा मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं अन् एक दिवस हँडल वर आलं. पाण्यात म्हैस बसल्यावर तिची शिंगं दिसतात तसं. आठ-पंधरा दिवस रोज दिसायचं. पाणी शेंदायला गेलं की ते तिथं. मंग मी गळ टाकून काढली. एकटीनं काढली. चेन सडली होती, चाकात गाळ, सीटच्या आत शिंपले. रॉकेलमधी भिजवून एकेक भाग सोडवला. भोकरदनच्या मिस्त्रीनं बेअरिंग बदलून दिलं अन् म्हणला, “ही कुठून आणली, समुद्रातून?” रंग तेवढा गेला. पुढचा शॉकअप अजून बसल्यावर बेडकासारखा ओरडतो. पण डोंगरात काय पळते रे! तू उगीच वेडा झाला न्हवता, हे मी आता कबूल करते.

आयटीआय मी सोडलं, हे तुला ठाऊक नसंल. बारावीचं विचारू नको. मला एका जागी बसवलं की पाय खाजतात. श्रावणात मी जांब समर्थला निघाले होते याच सायकलवर. दर्शन झालं, प्रसाद झाला, अन् येताना मेंढपाळांचा एक तांडा भेटला. त्यांच्यातल्या म्हातारीनं मला ताक दिलं, मंग तिच्या सुनेची कहाणी सुरू झाली, ती कहाणी पार परतूरपर्यंत चालली. घरी यायला आठवडा लागला. आबांनी फक्त टायर दाबून पाहिलं. म्हणजे, पाहिलं असंल. आबांना सायकलीचं काही ठाऊक न्हाई असं आपण समजू.

मुद्दा राह्यला. तू येणार न्हाई असं धरून मी तयारी केलीय. पुढं मी राहीन, पण मागच्यांना वळणं कळायला पाहिजेत. चुन्यानं खुणा केल्या, त्या दवानं गेल्या. झाडावर रंगाचा ठिपका दिला तर वनरक्षक आला अंगावर. “झाडाला रंग लावला तर गुन्हा आहे, माहीत आहे का?” म्हणून मंग चिंध्या. शिवणकाम करणाऱ्या तृप्तीच्या मशीनखाली गोणीभर पडलेल्या असतात. लग्नसराई आहे, सगळी ब्लाउजं लालच. मी एक पोतं उचललं अन् दोन दिवस लावून भिंतीपासून आसरांपर्यंत, आसरांपासून सालईपर्यंत, सालईवरून खाली पळसाच्या वळणाला, जिथं मिळंल त्या फांदीला लाल चिंधी बांधली. आंधळा माणूस पण बराबर उतरंल.

मी स्वतःवर इतकी खूश आहे की तुझा राग पण जरा कमी झालाय. त्याचा फायदा घे अन् ये.

नंदी

*

सोमवार, २४ नोव्हेंबर

कल्याणदादा,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. भारतच्या हाती देते. त्यानं ते तुझ्या दुकानात ठेवल्याशिवाय परत यायचं न्हाई असं त्याला बजावलंय.

सत्यानाश झालाय. ऐक.

माझं काम झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी गोजरबाई शेळ्या घेऊन तळ्याकडं गेली. आसरांच्या सात दगडांपाशी पाहते तर झाडाझाडाला लाल कापड. आली पळत आपल्या अंगणात.

“का गं नंदे, आसरांना कुणी बोललं? एवढा मोठा नवस?”

“नवस न्हाई मावशी. मी बांधल्या त्या. सायकलीसाठी.”

तिनं तिथंच डोळे मिटून हात जोडले. “मिळू दे गं मायबायांनो, लेकराला सायकल मिळू दे.”

“अगं मावशी, सायकल आहे! वाट दाखवायला…”

“हो हो, त्याच दाखवतील वाट.”

आता या बाईला काय सांगायचं? जाता जाता तिनं पदराचं टोक फाडून एक गाठ आपली पण मारली, हरवलेल्या शेळीसाठी. अन् दादा, ती शेळी त्याच संध्याकाळी आली! पिंपळगावच्या कुणाच्या तरी कडब्यात चरत बसली होती, पोट भरल्यावर आली. पण कुणाला सांगून उपयोग आहे का?

दोन दिवसांत अख्खी वाडी लोटली. कुणाच्या सुनेला दिवस राहू दे, कुणाची बोअर चालू दे, कुणाच्या पोराला पोलीस भरतीत घे. जिला लाल कापड मिळालं न्हाई तिनं मिळंल ते बांधलं. सालईला एक टॉवेल आहे. करवंदीच्या जाळीला शाळेचा टाय आहे. खालच्या आळीच्या बाया वरच्या वाटेनं गेल्या, वरच्या आळीच्या खालच्या वाटेनं, कारण त्यांचं आपसात बोलणं न्हाई. त्यामुळं ज्या फाट्याला कुणी जायला न्हाई पाहिजे तिथं सगळ्यात जास्त चिंध्या. माझ्याच चिंध्या मला वळखू येईनात. सगळ्या तृप्तीच्याच दुकानातल्या!

वनरक्षक आला. म्हणला, “काय गं, आता झाडांना ब्लाउजं शिवली का?” मी सगळं सांगितलं, अगदी रडकुंडीला येऊन सांगितलं. तो हसला, गेला. दुसऱ्या दिवशी पाहते तर हिवराच्या फांदीला सरकारी फाईलची लाल फीत. बदलीसाठी बांधली असणार. म्हणजे तक्रार तरी कुणाकडं करायची?

चिंध्या सोडून टाक म्हणशील. तू पण इथलाच आहे, तुला रीत माहीत आहे. ज्याच्यासाठी गाठ मारली त्यानं येऊन ती आपल्या हातानं सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावला अन् उद्या कुणाच्या बोअरीला पाणी न्हाई लागलं, तर मला गाव सोडावं लागंल. रविवार तोंडावर आलाय, मच्छिंद्र सरांचे रोज मेसेज, “ट्रेल रेडी?” मी अंगठा पाठवते. दुसरं काय पाठवू?

अन् आता खरी गोष्ट. ही लिहायला मी सगळं बाकीचं आधी लिहिलं.

पळसाच्या वळणावर, जिथून आपलं शेत दिसतं, तिथं लाल चिंध्यांमधी एक हिरवी आहे. काठ आहे. पोपटी हिरवा, बारीक रुईफुलांचा. आईच्या त्या जुन्या लुगड्याचा, ज्याचं तुझ्या बारशाला दुपटं शिवलं होतं. एवढी वर्षं पेटीत होतं. तो काठ सरळ फाडलेला न्हाई, कात्रीनं नीट कापलाय, अन् दोन गाठी मारल्यात.

मी घरी येऊन विचारलं, “आई, तू पण बांधलं का?”

“मी कशाला बांधू?” ती भाकरी थापत होती. वर पाहिलंच न्हाई. मंग भाकरी तव्यावर टाकून म्हणली, “त्या सायकलवाल्यांत कोण कोण येणार आहे?”

बाकीच्यांच्या गाठी मी सोडू शकत न्हाई, ते एक वेळ चालंल. ही गाठ मी सोडू शकत न्हाई हे मला सहन होत न्हाई. रोज त्या वळणावरून जाते. ती तुझी आहे. तू येऊन सोड. राईड बिईड गेली खड्ड्यात, मच्छिंद्र सरही गेले खड्ड्यात, तू ये. आबांशी बोलू नको पाहिजे तर. गाठ सोड अन् परत जा.

नंदी

*

रविवार, ३० नोव्हेंबर
तळ्याच्या भिंतीवर, दुपार

दादा,

तू आला न्हाई.

हे शेवटचं पत्र. भारत म्हणला, दुकानात तू न्हवता, काउंटरवरच्या बाईनं पत्र घेतलं अन् “बराबर देते” म्हणाली. म्हणजे तुला मिळालं. म्हणजे तू वाचलं. अन् तरी आला न्हाई. सायकलवाले सगळे परत आल्याशिवाय मला इथून हलता येत न्हाई, म्हणून लिहिते.

सकाळी गाड्या आल्या. सायकली अशा चकचकीत की वाडीतली कुत्री पण भुंकायची थांबली. मच्छिंद्र सर म्हणाले, “कल्याण सर कुठंत?” मी म्हणाले, “त्यांना काम आलं, मी आहे.” त्यांनी माझ्या बिनरंगाच्या सायकलीकडं पाहिलं, शॉकअपचा बेडूक ऐकला, अन् “चला मग,” म्हणाले. चांगला माणूस आहे.

मी ओरडून सांगितलं होतं, “चिंध्यांकडं पाहू नका! माझ्याकडं पाहा!” आसरांपर्यंत सगळे होते. जंगलात शिरल्यावर मागं वळून पाहते तर कुणी न्हाई. जो तो आपापल्या चिंधीमागं गेलेला. दोघं गोजरबाईच्या उकिरड्यावर उतरले. तिघं सोनूबाईच्या कपाशीत घुसले. सोनूबाई वेचणीला होती, ती म्हणाली, “आलाच आहात तर उभे कशाला?” अन् तिघांच्या कमरेला ओट्या बांधल्या. मी पोचले तेव्हा हेल्मेट घालून कापूस वेचून राह्यले होते! एक जण त्या बदलीच्या फितीखाली बसून फोटो काढत होता. म्हणतो कसा, “मॅडम, इथं फार शांत वाटतंय.” मला तर बोंब मारावी वाटली.

गोळा कुणी केलं माहितेय? आबांनी. कुणी सांगितलं न्हाई, काही न्हाई. धोतर खोचलं अन् निघाले. नाळेतून, बांधावरून, एकेकाला हाकत आणलं. “अहो काका, आमची वाट इकडून दाखवतेय.” “ते काय दाखवतंय ते राहू द्या. मागं फिरा. ब्रेक धरा. अहो, मागचा धरा, मागचा! पुढचा धरला तर तोंडावर पडाल.”

आबांना पुढचा-मागचा ब्रेक कसा कळतो असं तुला वाटलं असंल. आता लपवून तरी काय करू? विहिरीतून सायकल मी एकटीनं न्हाई काढली. मी गळ टाकला, पण ती गाळात रुतलेली, हलेना. आबा कधी मागं येऊन उभे राह्यले ते मला कळलं न्हाई. त्यांनी दोर माझ्या हातातून घेतला, कमरेला वेढा दिला अन् ओढली. वर आल्यावर तिचं हँडल सरळ केलं. मंग म्हणाले, “आधी गाळ धू. गाळ वाळला तर चाक कायमचं बसंल.” रॉकेल त्यांनीच आणलं. चाक पहिल्यांदा फिरलं तेव्हा हातानं फिरवत बसले होते, उगीच, परत परत. अन् मला म्हणाले, “त्याला कळवू नको.” म्हणून कळवलं न्हाई. तुम्ही दोघं सारखेच आहात. मला दोघांचाही कंटाळा आलाय.

आता सगळे आलेत, एक कमी आहे. मच्छिंद्र सर मोबाईलमधली यादी पाहून राह्यलेत. पिवळ्या हेल्मेटची एक बाई आहे, शहरातून पहिल्यांदाच ग्रुपबरोबर आलेली. मला ती आठवते. आसरांपाशी बाकीचे सरळ गेले, ही खाली उतरली, बूट काढले, दगडांना हात लावला अन् मंग पुढं गेली. तू करायचा तसं. मला वाटलं असंल कुणी देवभोळी. ती वर गेली ती परत दिसलीच न्हाई. आबा तिला शोधायला गेलेत.

तर दादा, मी तुला परत लिहिणार न्हाई. त्या हिरव्या काठाचं काय करायचं ते पावसाला ठरवू दे. तुला एवढंच सांगायचं होतं की

थांब. आबा येतायत. पळसाकडून.

आबांच्या हातात सायकल आहे. त्या बाईची. आबा सायकल हँडलला धरून चालवत आणून राह्यलेत! ती शेजारून चालतेय. पंक्चर दिसत न्हाई. लागलेलं पण दिसत न्हाई.

*

परत बसले लिहायला. 

मच्छिंद्र सर धावले. “मॅडम, वाट चुकलात का?”

ती म्हणाली, “न्हाई सर. मी बराबर गेले होते. पळसापाशी थांबले होते.”

मंग हेल्मेट काढून ती माझ्याकडं आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी असंल. म्हणाली, “नंदी ना? काउंटरवर मीच असते. तुमची तिन्ही पत्रं आमच्या फळीवर आहेत. ते काढतात, वाचतात, अन् भिंतीकडं तोंड करून झोपतात. मी इथं आलेली त्यांना ठाऊक न्हाई. ग्रुपबरोबर चालले एवढंच सांगितलं.”

“आमच्या फळीवर म्हणजे?” मी विचारलं. मी खरंच येडी आहे.

“मी भावना,” ती म्हणाली. अन् पूर्ण नाव सांगितलं. आधी तुझं, मंग माहेरचं आडनाव पण सांगितलं, जे आपल्यात न्हाई, मान खाली न घालता. अन् तू एवढे दिवस का गप बसला ते मला एका दमात कळलं. विहिरीचं निमित्त होतं, व्हय ना? आबा काय म्हणतील याला तू भ्यायला. दादा, आबांनी तिला वाटेतच आडनाव विचारलं असणार. आपल्याकडं पाण्याच्या आधी आडनाव विचारतात. तिनं असंच सांगितलं असणार. पळसापासून भिंतीपर्यंत केवढी वाट आहे तुला माहीत आहे. अन् तरी सायकल त्यांच्याच हातात होती.

हिरवा काठ तिथंच आहे. तिनं त्याच्याखाली उभं राहून पाहिला, सोडला न्हाई. “ती गाठ माझी न्हाई,” म्हणाली.

आईला अजून काही ठाऊक न्हाई. ती घरी पाहुण्यांसाठी पिठलं हाटून राह्यली.

आबांनी सायकल माझ्या सायकलीला टेकवून लावली. चेनवर बोट फिरवून पाहिलं. मंग माझ्याकडं न पाहता म्हणाले, “तुझं लिहिणं झालं असंल तर पुढं पळ. आईला म्हणावं, सून आलीय.”